कॉन्फरन्सला आलेला मुराळी

सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला जो माणूस येतो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. भाऊ येतो, बाप येतो, दोघेही नसले तर चुलतभाऊ येतो. पण कुणीतरी यावंच लागतं. लेक आपल्या पायांनी माहेरी आली तर वाडीतल्या बायका हंडे खाली ठेवून विचारतात, "काय गो, भांडून आलीस का?"

माझं लग्न होऊन मी सापगावला आले आणि माझा धाकटा भाऊ नवसू मुराळी म्हणून यायला लागला, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. माझं माहेर वैशाखऱ्याकडे, तिथून कधी ट्रकने, कधी चालत यायचा. दारात आला की माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. सरळ सासूसमोर जाऊन, मान खाली घालून, वाटभर पाठ केलेलं वाक्य बोलायचा, "मावशे, आमची बाय चार दिस धाडा." मुराळ्याने आधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, लेकीशी बोलायचं ते नंतर, अशी रीत. मी चुलीपाशी बसून ऐकायची. सासू हो म्हणेपर्यंत माझा जीव कानात गोळा झालेला असायचा.

आता सासू नाही, नवरा नाही, अंगणवाडीची नोकरीही संपली. नवसूचे गुडघे गेले. तरी सुगी आटोपून नवं भात घरात आलं की माझी नजर वाटेकडे जाते. ही खोड मला घेऊनच जाणार.

मला हे सगळं सांगायचं कारण माझी भाची सारिका, नवसूची एकुलती एक लेक.

सारिका आमच्या वाडीतली पहिली डॉक्टर. सुई टोचणारी नव्हे, संशोधनवाली. हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेत सापाच्या विषावर काम करते. हे लोकांना समजावता समजावता नवसूच्या नाकी नऊ यायचे. "म्हंजे इख उतरवनारी भगतीण का रे?" असं एकाने विचारल्यापासून तो नुसतं "सरकारी नोकरी हाय" एवढंच सांगून मोकळा होतो.

तिने लग्न केलं भाविकशी. तोही तिच्यासारखाच संशोधन करणारा. मुलगा बडोद्याचा, नोकरी बेंगळुरूला, लग्न हैदराबादच्या कोर्टात. तिने फोनवर आईला सांगितलं तेव्हा माझ्या भावजयीने, चंदाने, फोन नवसूच्या हातात दिला, रिकामा हंडा उचलला आणि पाण्याला गेली. घरात पाणी भरलेलं होतं.

त्यानंतर फोन येत राहिले, पण कसे? "बरी हायस ना?" "हो. तू?" "बरी हाय." भात कापलं का, गुडघे कसे आहेत, पाऊस झाला का. सारिकाने कधी "येते" म्हटलं नाही आणि चंदाने कधी "ये" म्हटलं नाही. मी एकदा नवसूला झापलं, "मुराळी जा की रे तिला आनायला! लगीन झाल्यावर पयल्यांदा बापानं जायाचं असतं."

"जाऊ कुठं बाय?" तो म्हणाला. "सासू-सासरे एकीकडं, नवरा दुसरीकडं, ही तिसरीकडं. सासर कंचं धरू?"

चंदाचं गणित तर त्याहून अवघड. "लगीन आमी लावलं नाय. लगीन लावलं नाय म्हंजे पाठवनी केली नाय. पाठवलीच नाय, तर आनायची कशी?"

वकिलालाही सुटलं नसतं असं हे कोडं घालून दोघं नवरा-बायको ओटीवर बसून राहायची आणि संध्याकाळची एसटी घाटाकडे गेली की आत जायची. त्या एसटीतून कुणी उतरत नसे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठी जीवही तुटायचा.

यंदा सुगी संपली आणि सारिकाचा मला फोन आला. माझ्याशी ती मोकळं बोलते.

"आत्या, तुझ्या शेजारीच येतेय मी. शहापूरजवळ, हायवेच्या रिसॉर्टवर आमची कॉन्फरन्स आहे. विषबाधा आणि सर्पदंश. देशभरातले डॉक्टर येणार आहेत."

"मंग घरी कवा जातंस?"

"जमणार नाही गं," ती म्हणाली. "सगळं खचाखच भरलेलं आहे. शेवटच्या दिवशी दुपारी गावातल्या लोकांसाठी व्याख्यान ठेवलंय, मराठीत, ते माझ्याकडे आहे. ते झालं की विमानतळ. तू ये ना ऐकायला." मग हळूच म्हणाली, "तू एकटी आलीस तरी चालेल."

एकटी आलीस तरी चालेल! डॉक्टर झाली तरी ताकाला जाऊन भांडं लपवायची घरची सवय गेली नाही. मी तेव्हाच नवसूला फोन लावला.

"नवसू, तुझ्या लेकीचं सासर सापडलं. कॉन्फरन्स म्हनतात त्याला. बारा महिने ती तिथंच नांदते. आज दिल्ली, उद्या चेन्नई, मागं परदेशात गेलेली. तेच सासर आता शहापुराला आलंय. मुराळी हो नि चल."

त्याला वाटलं मी थट्टा करते. करतच होते. पण एकदा तोंडातून निघाल्यावर मला ते पटायला लागलं. तिचं उठणं-बसणं तिथं, मानपान तिथं, बोलणी खायची तीही तिथंच. याहून सासर वेगळं काय असतं?

"चंदाला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांग, भागीच्या पायाला लागलंय, बघून येतो."

त्या दिवशी सकाळी नवसू मुरबाडवरून गाडी बदलून सापगावला आला. डोक्यावर धुतलेली टोपी, अंगात लग्नकार्याचा सदरा आणि हातात फुगलेली नायलॉनची पिशवी.

"चंदानं दिली. बोलली, भागीबायला दे, आजारी हाय ना."

मी पिशवी उघडली. वर नव्या भाताचे पोहे, खाली नाचणीचे लाडू, केळीच्या पानात बांधलेला गूळ. त्याखाली घडी केलेला हिरवा खण, आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या.

मी विधवा बाई. मला हिरव्या बांगड्या कोण पाठवील? आम्ही दोघं त्या बांगड्यांकडे बघत बसलो. नवसू म्हणाला, "तिला कसं कळलं गो?" मी म्हटलं, "तू सदरा कंचा घातलास ते बघ." पण खरं सांगते, माझे डोळे भरून आले होते. ही बाई लेकीला "ये" म्हणत नव्हती, आणि तिच्या मापाच्या बांगड्या कधीपासून डब्यात ठेवून बसली होती कोण जाणे.

रिसॉर्टच्या फाटकावर कमान, कमानीवर इंग्रजी अक्षरं, आत हिरवळ. आमच्या गळ्यात एकाने पट्टा अडकवला, त्यावर लिहिलं होतं 'निमंत्रित'. नवसू कार्ड हातात धरूनच चालत होता, पडलं तर बाहेर काढतील म्हणून. भिंतीला ओळीने मोठमोठे कागद लावले होते, आलेख, आकडे आणि मध्येच फणा काढलेला नाग. नवसूने नागाच्या चित्राला हात जोडले. शेजारून जाणारे दोन तरुण डॉक्टर हसले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनीही जोडले.

व्याख्यानाला आलेल्या गावकऱ्यांना आधी जेवण होतं. पनीर, पुलाव, गुलाबजाम. नवसू ताट घेईना.

"लेकीच्या सासरी जेवू? अजून नातू नाय."

"अरे, हे काय खरं सासर हाय का?"

"तूच बोललीस ना?"

बोलले होते खरी. आता नातवंड होईपर्यंत बापाने लेकीच्या घरचं अन्न खाऊ नये ही रीत, पण आत्याविषयी कुणी काही सांगितलेलं नाही, म्हणून मी दोन गुलाबजाम जास्तच घेतले. नवसू पिशवी मांडीवर घेऊन उपाशी बसला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

व्याख्यान सुरू व्हायला उशीर झाला, कारण आधी सत्कार. शाल, श्रीफळ, परत शाल. ज्यांनी मंडप दिला त्यांचा सत्कार, ज्यांनी खुर्च्या दिल्या त्यांचा सत्कार. एका पुढाऱ्याने सापाविषयी बोलायचं सोडून रस्त्याविषयीच भाषण केलं. खुर्च्यांवर बसलेल्यांपेक्षा माणसं व्यासपीठावरच जास्त. मधोमध अध्यक्षा बसल्या होत्या, हेतलबेन नावाच्या, सारिकाच्या संस्थेच्या प्रमुख. पांढरे केस, सुती साडी, चष्मा दोरीला. सगळे त्यांना वाकून बोलत होते. नवसूने मला कोपराने ढोसलं. "सासू ती का?"

"तीच."

तो तिच्याकडे एकटक बघायला लागला आणि त्याचे ओठ हलायला लागले. वाक्य पाठ करत होता.

मग सारिका उभी राहिली. किती वर्षांनी बघत होते तिला! निळी साडी, केस कापलेले, हातात लाल ठिपका पाडणारी कांडी. दिवे मंद केले होते, आम्ही मागे होतो, तिला काही दिसलं नसणार. सुरुवातीला ती छापील मराठी बोलली. 'भौगोलिक वैविध्य', 'प्रतिविष', 'उपचारातील विलंब'. माझ्या मागच्या रांगेत एकजण घोरायला लागला. मला वाटलं, पोरगी गेली ती गेलीच. भाषासुद्धा तिकडची झाली.

तेवढ्यात पडद्यावर एक फोटो आला. कुडाच्या भिंतीचं घर, पुढे ओटी, दांडीवर वाळत घातलेलं लुगडं. ओटीवर एक बाई पाठमोरी बसून सूप पाखडत होती.

नवसूने माझा हात एवढा घट्ट धरला की त्याची नखं रुतली. ते त्याचंच घर होतं.

"या घरात माणसं खाली जमिनीवर झोपतात," सारिका सांगत होती. "मण्यार रात्री बाहेर पडतो. उंदराच्या मागे घरात येतो. झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्या माणसाला बऱ्याचदा कळतही नाही, इतकं ते कमी दुखतं. हा फोटो मी सगळीकडे दाखवते. मोठमोठ्या परिषदांमध्ये लोक मला औषधाविषयी विचारतात. मी त्यांना आधी हे घर दाखवते. म्हणते, औषध इथपर्यंत पोचलं पाहिजे."

लाल ठिपका ओटीवर फिरला. उंबऱ्यावर गेला, परत ओटीवर आला आणि त्या पाठमोऱ्या बाईच्या खांद्याजवळ थांबून राहिला. पुढचं चित्र यायला फार वेळ लागला. मी मनात म्हटलं, हिला घर आठवत नाही असं कोण म्हणतं? ही तर घर पाठीवर घेऊन जगभर हिंडते आहे.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. शेणव्याचा बारकू म्हणून म्हातारा उठला. आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. तो म्हणाला, "बाय, आमच्यात पान लागलं तं पयला भगताकं नेतात. तुझं काय म्हननं?"

सारिका हसली. आणि तिची छापील मराठी गळून पडली. "काका, भगताला मागनं भेटा. नारळ द्या, पाया पडा, मी नाय म्हनत नाय. पन पयली गाडी काढा नि दवाखान्यात न्या. बांधू नका, कापू नका, मानसाला चालवू नका. नि खाली झोपायचं तं मच्छरदानी लावा, अंथरुनाखाली नीट खोचून."

चंदाचाच आवाज. हेल तोच, 'मागनं' म्हणताना मान तशीच वाकडी. घोरणारा माणूस जागा झाला.

"नि तो फोटो कुठला गो?" बारकूने विचारलं. "आपल्याकडचाच वाटतो."

"वैशाखऱ्याकडचा."

"ती बाई कोन?"

सारिकाने कांडी टेबलावर ठेवली. "माझी आई," ती म्हणाली, आणि आभार मानून खाली बसली.

दिवे लागले. चहाची गर्दी झाली. सारिकाभोवती गावातल्या बाया, पत्रकार, कॉलेजची मुलं. आम्ही दोघं बाजूने वाट काढत पुढे निघालो आणि तिने आम्हाला बघितलं. आधी मला. मग माझ्यामागे टोपीवाला बाप.

तिने तोंडाशी नेलेला कप खाली घेतला. "बा," ती म्हणाली.

नवसू तिच्याकडे न बघता तिच्या पुढून निघून गेला.

सांगते तुम्हाला, त्या पोरीचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला वाटलं, बाप एवढ्या लांब आला तो तोंड फिरवून दाखवायला. मी तिला सांगायला जाणार होते, "थांब गो, रीत हाय ती." पण मध्ये कॉलेजची मुलं आडवी आली. नवसू तोवर खुर्च्या ओलांडून हेतलबेनसमोर जाऊन उभा राहिला होता. डोक्यावरची टोपी सारखी केली, मान खाली घातली.

"बाई, मी नवसू. वैशाखऱ्याकडना आलोय. आमची लेक तुमच्याकं नांदते. सुगी झाली, नवं भात आलं. पोरीला चार दिस धाडा."

हेतलबेननी चष्मा वर केला आणि गोंधळून सारिकाकडे बघितलं. "क्या बोल रहे हैं काका? कोई पेशंट है क्या इनका?"

सारिकाने कप दोन्ही हातांनी धरला.

"सारिका? इनको क्या चाहिए?"

"मॅडम, ये मेरे पिताजी हैं," ती म्हणाली.

"अच्छा! नमस्ते काका. मगर चाहिए क्या?"

आता भर सभेत इंग्रजीत बोलणारी, परदेशातल्या डॉक्टरांना उत्तरं देणारी ही मुलगी. तिला एवढ्या वाक्याचा अर्थ सांगता येईना. शेवटी मराठीतच म्हणाली, "मला न्यायला आलेत." आणि कप तसाच हातात धरून लहान पोरीसारखी रडायला लागली.

हेतलबेननी तिच्याकडे बघितलं, नवसूकडे बघितलं, त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. "तेडवा आव्या छे?" त्या हळूच म्हणाल्या. म्हणजे न्यायला आलेत का, असं त्यांच्या गुजरातीत. नवसूची बोली त्यांना आधी कळली नव्हती, पण मराठी थोडंफार येत होतं. "माझे बापू पण असेच यायचे. अशीच पिशवी." मग त्यांनी एक खुर्ची ओढून नवसूला बसवलं, स्वतः समोर बसल्या आणि पदर खांद्यावर घेतला. "चार दिवस नाही जमणार, काका. हिचं काम अडतं."

"चार नाय तं तीन, बाई."

"एक."

"सुगीचं आलोय, बाई. तिची आय वाट बघते."

"बरं. दोन रात्री. परवाच्या फ्लाइटला आणून सोडायचं. वेळेवर."

"आनून सोडतो," नवसू म्हणाला. सासू ती सासूच, घासाघीस केल्याशिवाय सोडायची नाही. पण मला ती बाई त्या क्षणी फार आवडली.

मग नवसू उठला आणि लेकीकडे वळला. इतका वेळ खाली असलेली मान त्याने आत्ता कुठे वर केली. "चल गो," एवढंच म्हणाला आणि पिशवी तिच्या हातात दिली.

हेतलबेननी गाडी दिली. किन्हवली मागे पडली. नवसू पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, सकाळपासून उपाशी, लाडू खात होता. गाडीत खायला रीतीची आडकाठी नव्हती. मागे सारिकाने पिशवीतून बांगड्या काढल्या, एकेक करून मनगटात चढवल्या. बरोबर बसल्या.

"मला वाटायचं, मी तुम्हाला नको झालेय," ती म्हणाली. "दर सुगीला रजा शिल्लक ठेवायचे आत्या. भाविक हसायचा. म्हणायचा, तिकीट काढ आणि जा, कोण अडवतंय? त्याला कसं सांगू? आपणहून कशी जाऊ? कुणीतरी यायला नको का?"

मी कपाळावर हात मारला. इकडे आई-बाप पाठवलीच नाही तर आणायची कशी म्हणून बसलेले, तिकडे लेक कुणी आलंच नाही तर जायचं कसं म्हणून बसलेली. विष कुठल्या सापाचं आणि त्याला उतारा काय, हे शिकलेली पोर, पण या बाबतीत आईपेक्षा तसूभरही पुढे गेलेली नव्हती. मी म्हटलं, "दोघी एकाच डोक्याच्या. मरा." आणि तिला जवळ ओढलं.

वाडीत पोचलो तेव्हा चंदा दारात उभी होती. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. लेकीला उंबऱ्याबाहेर उभं करून तिने तुकडा ओवाळला, बाजूला टाकला, पायांवर पाणी घातलं. नजरेला नजर दिली नाही. "आत ये, भूक लागली असंल," म्हणाली आणि वळून चुलीकडे गेली. सारिका तिच्यामागून गेली. मी आणि नवसू ओटीवरच थांबलो. मला वाडीत कुणी "तू का आलीस?" असं विचारलं नाही. या निमित्ताने मलाही माहेर घडलं, आणि त्याचं मला किती बरं वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. फार झालं नसावं. दुसऱ्या दिवशी चंदा म्हणाली, "तिथं लोकांम्होरं काय बोलतंस ते मला बोलून दाखव." तेव्हा सारिकाने ओटीवर लॅपटॉप उघडून सगळं व्याख्यान परत दिलं. शेजारपाजारच्या बाया जमल्या. कुणाचाही सत्कार झाला नाही. चंदा सुपात तांदूळ घेऊन बसली होती, पण निवडत नव्हती. मण्यार कसा ओळखायचा ते तिने दोनदा विचारलं. विष हाताने काढतात का, तेव्हा साप चावत नाही का, रोज काढतात का, हेही विचारलं. मग तो फोटो आला आणि तिने स्वतःला ओळखलं.

"गो बया! मला परमुलखात नेऊन बसवलंस ती पाठमोरी? डोक्यावर पदर पन नाय!"

"तुझा तोंडाचा फोटो नव्हता माझ्याकडं," सारिका म्हणाली.

बाया हसल्या. चंदा हसली नाही. उठून आत गेली, तोंड धुतलं, जरीकाठाचं लुगडं नेसली आणि ओटीवर येऊन बसली. "काढ," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मुराळ्याने आणलेली लेक मुराळ्यानेच पोचवायची, म्हणून नवसू आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. चंदाने ओटी भरली, तांदूळ, नारळ, तोच हिरवा खण. पोह्याची पिशवी सीटखाली सरकवली. कामं संपली तरी गाडीचं दार धरून उभी राहिली.

"पोरी," ती म्हणाली, "आता तुला वाटंल तवा ये. विमान हाय, पैका हाय. भाविकला पन आन. आपल्या पायानं आलीस तरी कोन काय बोलत नाय, मी बघते. रीत-बीत ऱ्हाऊं दे."

चंदाने रीत मोडायला काढली! मी आ वासून बघत राहिले. या एका वाक्यासाठी तिला किती वर्षं लागली होती, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, सारिका आता आनंदाने हो म्हणेल.

तिने मान हलवली. "नाय आई. मी अशी नाय येनार. बाला धाड न्यायला."

"हैदराबादला?"

"हो."

"लांब ना गो ते?"

"लांब आहे," सारिका म्हणाली. "तरी धाड."

चंदाने दार सोडलं नाही. तिने पुढे बसलेल्या नवसूकडे बघितलं. नवसूने टोपी सारखी केली आणि ड्रायव्हरला विचारलं, "काय रे, हैदराबादला जायाची गाडी कल्याणवरनं मिळते का?"